३जी बंद होण्याआधीचे पाच आठवडे

“अगं, हल्ली तुला फोन लावला की आधी एक बाई बोलते. मग रिंग जाते.”

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. पोहे खाताखाता बाबा हे सहज बोलून गेले. मी विचारलं, कधीपासून? त्यांनी वही काढली. बाबा सांगली आगारात वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, हे लिहून ठेवायची सवय निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही तशीच आहे. वहीत नोंद होती, ‘११ सप्टें., दु. १.१५. मुलीला फोन. आधी जाहिरात.’ म्हणजे अकरा दिवस ते ती बाई ऐकत होते आणि जाहिरात समजून ती संपायची वाट बघत होते.

मी त्यांच्या फोनवरून माझा नंबर लावला आणि नीट ऐकलं. ती जाहिरात नव्हती. ३जी नेटवर्क बंद झालं की या फोनवरून कॉल लागणार नाहीत, आपत्कालीन ०००सुद्धा लागणार नाही, तेव्हा लगेच तुमच्या कंपनीशी बोला, असा तो निरोप होता.

बाबा ७६ वर्षांचे आहेत. २०१९ मध्ये मिरजेत त्यांची अँजिओप्लास्टी झाली. आई गेल्यानंतर, २०२२ मध्ये आम्ही त्यांना इकडे मेलबर्नला आणलं. आम्ही पश्चिमेकडच्या टार्नीटमध्ये राहतो. मी आणि नवरा सकाळी साडेसातला घर सोडतो, लेक शाळेत जातो आणि साडेतीनपर्यंत बाबा घरात एकटे असतात. त्या आठ तासांत त्यांच्या हाताशी दोनच गोष्टी असतात, हा फोन आणि गळ्यातलं इमर्जन्सीचं बटण. तो निरोप ऐकल्यावर मी पोहे तसेच ठेवून उठले.

ऑस्ट्रेलियात ज्यांचे आईवडील भारतातून आणलेला फोन वापरतात, त्यांच्यासाठी हे सगळं तारीखवार लिहिते आहे. आपल्याकडच्या कुणाचं तरी लिहिलेलं वाचायला मिळालं असतं, तर माझे निदान दहा दिवस वाचले असते.

३जी बंद होणार हे मला माहीत नव्हतं असं नाही. टेल्स्ट्रा, ऑप्टस आणि व्होडाफोन या इथल्या तीन मोठ्या मोबाइल कंपन्या. टेल्स्ट्राने ते २०१९ मध्येच जाहीर केलं होतं. व्होडाफोनने आपलं ३जी जानेवारी २०२४ पर्यंत बंदही करून टाकलं. टेल्स्ट्राची तारीख आधी ३० जून होती, मग ३१ ऑगस्ट झाली आणि शेवटी टेल्स्ट्रा आणि ऑप्टस दोघांनीही २८ ऑक्टोबर २०२४ ठरवली. तारीख पुढे गेली की आपणही सैलावतो, तसंच माझं झालं. माझा फोन ठीक आहे असा मेसेज मला एप्रिलमध्येच आला होता, तेव्हा घरातलं सगळंच ठीक असेल असं मी धरून चालले. बाबांचं सिम माझ्या नावावर असल्यामुळे त्यांच्या नंबरबद्दलची दोन पत्रं माझ्याच इमेलवर आली होती. ती मी उघडली नव्हती. त्या रविवारी शोधली तेव्हा सापडली.

आणखी एका समजुतीने मला गाफील ठेवलं. बाबांचा फोन ४जी आहे. २०२१ मध्ये दादाने सांगलीत चौदा हजारांना घेऊन दिलेला, चांगला चालणारा. पडद्यावर कायम ४जी दिसतं, यूट्यूबवर कीर्तनं अडखळत नाहीत. मग ३जी बंद झाल्याने याला काय होणार?

याचं उत्तर मला त्या रात्री समजलं. ४जी हे मुळात इंटरनेटसाठीचं जाळं आहे. त्यावरून साधा कॉल करायचा तर फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे ४जीवरून बोलायची सोय, लागते, आणि ती नुसती असून भागत नाही. ज्या देशातल्या ज्या कंपनीचं सिम आहे, तिच्यासाठीची व्होल्टीची मांडणी त्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. भारतात विकायला बनवलेल्या फोनमध्ये जिओ, एअरटेल, व्हीआय यांची मांडणी असते. टेल्स्ट्रा किंवा ऑप्टसची असेलच असं नाही. ती नसली की फोन इंटरनेट ४जीवर चालवतो आणि कॉल लावताना गुपचूप खाली ३जीवर उतरतो. कॉल संपला की परत ४जीवर चढतो. वापरणाऱ्याला काही कळत नाही. भारतात फोन खाली उतरला तर त्याला धरायला एअरटेल, व्हीआयचं २जी अजून आहे. इथे टेल्स्ट्राचं २जी १ डिसेंबर २०१६ ला बंद झालं आणि पुढच्या दोन वर्षांत बाकीच्यांचंही. म्हणजे ३जी ही खालची शेवटची पायरी होती, आणि आता तीच काढून घेणार होते.

तपासायची सोपी सोय होती. ज्या फोनची खात्री करायची, त्याच फोनवरून ३४९८ या नंबरवर नुसता ‘३’ हा आकडा मेसेज करायचा. पैसे पडायचे नाहीत, थोड्या वेळात उत्तर यायचं. बाबांच्या फोनवर आलेल्या उत्तराचा अर्थ स्वच्छ होता, हा फोन बदलावा लागेल. बाबांनी वहीत लिहिलं, ‘२२ सप्टें., रात्री ८.४०. फोन नापास.’

३जी चालू होतं तोवर फोन लावून स्वतःही बघता येत होतं. घरचं वायफाय बंद करायचं, मोबाइल डेटा चालू ठेवायचा, कुणाला तरी साधा कॉल लावायचा (व्हॉट्सॲपचा नव्हे) आणि बोलत असताना वरच्या पट्टीकडे लक्ष ठेवायचं. ४जीचं ३जी किंवा ‘एच’ झालं तर फोन खाली उतरला. बाबांचा दर वेळी उतरत होता. मात्र, ००० लावून कधीही तपासायचं नाही. तिकडे खरोखरच कुणीतरी मरणाच्या दारात असलेला माणूस वाट बघत असतो.

पुढचे दोन दिवस मी फोन दुरुस्त करता येतो का ते बघण्यात घालवले. सॉफ्टवेअर ताजं केलं. सेटिंगमध्ये व्होल्टीचं बटण शोधलं. भारतीय सिमसमोर ते दिसायचं, इथल्या सिमसमोर दिसायचंच नाही. सिमची जागा बदलून पाहिली. नेटवर्कची सेटिंगं पुसून पुन्हा केली. इंटरनेटवर लोक फोनचं सॉफ्टवेअर आतून बदलायच्या युक्त्या सांगतात, पण ज्या फोनवर हृदयविकाराच्या माणसाची भिस्त आहे त्यावर असले प्रयोग मी करणार नव्हते. तुम्हीही यात जास्त वेळ घालवू नका. सॉफ्टवेअर ताजं करून, फोन बंद-चालू करून कंपनीला पुन्हा एकदा विचारा. तेव्हाही ‘नाही’ आलं तर नाहीच.

२७ सप्टेंबरला, शुक्रवारी, फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवसाची व्हिक्टोरियात सुट्टी होती. बाबांना घेऊन मी एका दुकानात जाऊन आले. तिथल्या मुलाने फोन हातात घेतला, वर ४जी बघितलं आणि म्हणाला, काही काळजी करू नका. मी त्याला ३४९८ चं उत्तर दाखवलं तर म्हणाला, ते मेसेज सगळ्यांनाच येतात. बाबांचा चेहरा लगेच सुटला. फोन बदलायला नको, हेच त्यांना ऐकायचं होतं. मला मात्र घरी येईपर्यंत चैन पडेना.

संध्याकाळी कंपनीच्या चॅटवर गेले. ४० मिनिटं थांबल्यावर माणूस मिळाला. त्याने आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, मागितला. फोनवर *#०६# दाबलं की पंधरा आकडी नंबर येतो. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात, तेव्हा इथलं सिम ज्या खाच्यात आहे त्याचा द्यायचा. त्याने पाच मिनिटांत सांगितलं की हा फोन चालणार नाही. दुकानातला मुलगा चुकीचं बोलला होता. वाईट हेतूने नसेल, पण त्याच्या भरवशावर राहिलो असतो तर काय झालं असतं, हा विचार पुढे कित्येक रात्री माझ्या डोक्यात होता. तेव्हा तोंडी उत्तरावर थांबू नका. आयएमईआय द्या, उत्तर लेखी घ्या आणि चॅटचा फोटो काढून ठेवा.

त्याच चॅटवर आणखी एक गोष्ट कळली, आणि ती फार जणांना माहीत नाही. दूरसंचार नियामक, म्हणजे एसीएमए, नियमच आणणार होते. ज्या फोनवरून ००० लागू शकत नाही, त्याला कंपनीने सेवाच द्यायची नाही. नुसते कॉल बंद नव्हे, तो फोन नेटवर्कवरून काढूनच टाकायचा. बाबांना हे अन्यायाचं वाटलं. “फोन माझा, पैसे माझे, इंटरनेट तरी चालू दे की.” मला नियम पटला. चालू दिसणारा फोन माणूस खिशात घेऊन फिरतो, त्याच्यावर विसंबतो. ऐन वेळी तो मुका निघण्यापेक्षा आधीच बंद पडलेला बरा.

आता नवा फोन घ्यायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण इथेच बाबा अडून बसले आणि त्यांचं कारण खरं होतं. त्यांच्या फोनमध्ये दोन सिम. एक इथलं आणि एक सांगलीचं, बावीस वर्षं जुनं. त्या सांगलीच्या नंबरवर बँकेचे ओटीपी येतात, पेन्शन जमा झाल्याचा मेसेज येतो, घराचा वीजबिलाचा आकडा येतो. व्हॉट्सॲपही त्याच नंबरचं. तो नंबर म्हणजे बाबांचा सांगलीशी उरलेला धागा आहे. “इथला फोन घेशील, त्यात माझं सिम बसेल का?” त्यांचा प्रश्न बरोबर होता. इथे मिळणाऱ्या बऱ्याच फोनांत सिमचा खाचा एकच असतो आणि दुसरं सिम ई-सिम म्हणून, म्हणजे प्लॅस्टिकच्या कार्डाशिवाय थेट फोनमध्ये उतरवून, घ्यावं लागतं.

तोडगा असा निघाला. सांगलीचं प्लॅस्टिकचं सिम खाच्यात घालायचं आणि इथलं सिम ई-सिम करून घ्यायचं. उलटं करायला जाऊ नका. भारतीय सिमचं ई-सिम परदेशात बसून करणं फार कटकटीचं, आणि मध्येच काही बिघडलं तर नवं सिम आणायला सांगलीलाच जावं लागेल.

फोन निवडताना मी तीन गोष्टी धरल्या. फोन इथल्याच मोठ्या दुकानातला, ऑस्ट्रेलियासाठीचाच असावा. ऑनलाइन बाजारात बाहेरच्या देशातून आणलेले फोन शंभर-दीडशे डॉलरनी स्वस्त दिसतात, पण त्यात आपण परत पहिल्या जागी येऊ शकतो. भारतात आणि इथे एकाच नावाने विकला जाणारा फोनसुद्धा आतून एकच असेल असं नाही. पाठीवरचा किंवा सेटिंगमधला मॉडेल नंबर बघावा लागतो. दुसरं, ई-सिम हवंच. तिसरं, अक्षर मोठं करता यावं आणि भाषा मराठी ठेवता यावी.

१२ ऑक्टोबरला दसरा शनिवारीच होता. सकाळी पूजा झाली, बाबांनी जुन्या फोनलाही फूल वाहिलं, आणि आम्ही नवा फोन घेऊन आलो. ३९९ डॉलर, म्हणजे साधारण बावीस हजार रुपये. कंपन्या काही गरजू लोकांना मोफत किंवा सवलतीत फोन देत होत्या असं मला नंतर कळलं. पैशांची अडचण असेल तर आधी कंपनीला तसं स्पष्ट विचारा. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

ई-सिमची विनंती कंपनीच्या ॲपवरून केली. खात्री करून घ्यायला त्यांनी सहा आकडी कोड पाठवला आणि तो आला बाबांच्याच इथल्या नंबरवर, म्हणजे जुन्या फोनवर. क्षणभर थांबून हे लक्षात घ्या. २८ तारखेनंतर जुना फोन बंद पडला असता, तर हा कोड आम्हाला मिळालाच नसता आणि ओळखपत्रं घेऊन दुकानात रांग लावावी लागली असती. जुना फोन जिवंत आहे तोवरच हे काम उरका. मग इमेलवर क्यूआर कोड आला. तो नव्या फोनने वाचायचा असतो, तेव्हा तो दुसऱ्या पडद्यावर उघडावा लागतो. मी लॅपटॉपवर उघडला. पुढे दोन तास काहीच झालं नाही. जुन्या फोनवरचं नेटवर्क गेलं होतं, नव्यावर आलं नव्हतं. बाबा खुर्चीत बसून एकदा या फोनकडे, एकदा त्या फोनकडे बघत होते. संध्याकाळी ५.५० ला नव्या फोनवर चार काड्या उमटल्या.

पहिला कॉल मी त्यांना माझा लावायला सांगितला. वायफाय बंद. वरची पट्टी ४जीवरच राहिली. ती बाई बोलली नाही. ३४९८ ला मेसेज केला, उत्तर आलं की हा फोन चालेल. वहीत नोंद झाली, ‘१२ ऑक्टो., सायं. ५.५८. पास.’

व्हॉट्सॲप हलवायला फार त्रास झाला नाही. दोन्ही फोन शेजारी ठेवून संभाषणं इकडून तिकडे नेली, खात्रीचा मेसेज सांगलीच्या सिमवर आला. रोमिंगवर येणाऱ्या मेसेजला बाबांच्या प्लॅनमध्ये पैसे पडत नाहीत. यूपीआयने मात्र चार दिवस खाल्ले. फोन बदलला की यूपीआयचं ॲप त्या सिमवरून स्वतः एक मेसेज पाठवून खात्री करतं. परदेशातून जाणाऱ्या त्या मेसेजला पैसे लागतात आणि बाबांच्या सिमवर शिल्लक शून्य होती. तीनदा ‘पडताळणी अयशस्वी’ आलं. मग दादाने सांगलीतून रिचार्ज करून दिला. तरी अडलं, कारण नव्या फोनने मेसेज पाठवायला इथलं सिम धरलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन मेसेजसाठी सांगलीचं सिम ठरवलं आणि १६ तारखेला, कोजागरीच्या दिवशी, एकदाचं झालं. नव्या फोनवर पहिले २४ तास ५,००० रुपयांच्या वर पाठवता येत नाही, हेही लक्षात ठेवा. बाबांना त्याच दिवशी पुतण्याच्या मुलीच्या फीचे पैसे पाठवायचे होते. ते दोन दिवसांनी गेले.

हे चालू असतानाच दुसरी आघाडी होती गळ्यातल्या बटणाची. मला सगळ्यात जास्त रडवलं ते यानेच.

हे बटण म्हणजे आत सिम असलेलं छोटं यंत्र असतं. पडल्यावर किंवा बरं वाटेनासं झाल्यावर दाबायचं. ते थेट मदत केंद्राला लागतं, केंद्रातलं माणूस यंत्रातूनच बोलतं आणि गरज पडली तर रुग्णवाहिका बोलावतं. २०२२ मध्ये घेतलं तेव्हा ते ३जीचं आहे का ४जीचं, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. फोन नापास झाल्यावर दुसऱ्या दिवशी, २३ सप्टेंबरला, मी त्यांना फोन केला. बाई गोड बोलल्या, तुमचं यंत्र चालेल म्हणाल्या. मी मॉडेल नंबर वाचून दाखवला, तेव्हा तपासून परत फोन करते म्हणाल्या. तीन दिवस फोन आला नाही. मीच केला. आता उत्तर असं की यंत्र बदलावं लागेल, दहा कामाचे दिवस, १६५ डॉलर. दहा दिवस म्हणजे ११ ऑक्टोबरपर्यंत. ११ ला काही आलं नाही. १४ ला फोन केला तर माल संपलाय म्हणाले. सगळ्या देशातले लोक एकाच वेळी मागत होते, ते मला समजत होतं. पण ज्या यंत्राचा धंदाच माणसाचा जीव राखायचा, त्याची यादी या लोकांनी वर्षभर आधी करायला हवी होती. कुठलं यंत्र कुणाच्या गळ्यात आहे हे त्यांच्याकडे लिहिलेलं असतं. मी फोन केला नसता तर त्यांनी केला असता का, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

१६ तारखेला मी लेखी तक्रार केली. तीत तीनच गोष्टी लिहिल्या. रुग्णाचं वय आणि आजार, आधीच्या तीन फोनांच्या तारखा आणि वेळा (त्या बाबांच्या वहीतून घेतल्या), आणि २८ तारीख. उत्तर त्याच संध्याकाळी आलं. २२ ऑक्टोबरला, मंगळवारी, खोकं दारात पडलं. यंत्र चार्ज करून बाबांनी बटण दाबलं. २० सेकंदांत पलीकडून आवाज आला, तुम्ही ठीक आहात का? बाबा इंग्रजीत म्हणाले, “टेस्टिंग, ओन्ली टेस्टिंग, थँक यू.” ००० तपासता येत नाही, पण हे बटण तपासता येतं, आणि केंद्राचे लोकच सांगतात की दर महिन्याला तपासा. घराच्या मागच्या अंगणात, न्हाणीघरात आणि बाबा जिथे फिरायला जातात तिथे, अशा तीन ठिकाणी आम्ही तपासलं. न्हाणीघर सोडू नका. घसरायला होतं ते तिथेच.

लेकाचं सिमवालं घड्याळही ३जीचं निघालं. त्याला उपाय नव्हता, ते गेलं. दुकानांत जुन्या मोबाइलसाठी मोबाइलमस्टरची पेटी असते, तिच्यात टाकलं.

टार्नीटच्या तळ्याकाठी एक बाक आहे. संध्याकाळी साडेपाचला तिथे बाबांचा कट्टा जमतो. कुणी बडोद्याचे, कुणी जालंधरचे, दोन सोलापूरकर, एक कारवारच्या आजी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी १३ तारखेला, बाबांनी तिथे आपली गोष्ट सांगितली असावी. सव्वासहाला मला फोन आला, “जरा चालत ये. आणि चष्मा आण.” गेले तर अकरा जण आपापले फोन घेऊन बसले होते.

अकरापैकी चार फोन नापास झाले. बडोद्याच्या काकांचा तर दोन वर्षांत कुणी तपासलाच नव्हता. त्यांच्या सुनेला मी तिथूनच फोन लावून दिला. सोलापूरच्या काकूंचं मात्र पटेना. त्यांच्या फोनवर बोलताना ४जी तसंच राहत होतं, खाली उतरत नव्हतं, आणि तरी ३४९८ ने नाही म्हटलं. “हे बघ, आत्ता बोलले की बहिणीशी. चांगलं स्वच्छ ऐकू येतंय.” मीही गोंधळले. रात्री पुन्हा चॅटवर विचारलं तेव्हा उलगडा झाला. काही फोन साधे कॉल ४जीवरून करतात, पण ००० लावलं की ते आपत्कालीन कॉलसाठी ३जीच शोधतात. बनवतानाच तसं ठरवलेलं असतं. मार्च २०२४ मध्ये तेव्हाच्या दळणवळणमंत्री मिशेल रोलंड यांनी जो सुमारे ७,४०,००० फोनांचा आकडा सांगितला होता, तो नेमका अशा फोनांचा होता. म्हणजे आधी मी सांगितलेली वरच्या पट्टीची परीक्षा फोन पास झाला तरी अपुरी होती. नापास झाला तर नक्की नापास, एवढंच ती सांगायची. शेवटचा शब्द ३४९८ चा किंवा कंपनीच्या लेखी उत्तराचा होता.

काकूंना हे समजावणं मला जमलं नाही. ते बाबांनी केलं. “ताई, गाडीचा हॉर्न वाजतो, दिवे लागतात, गाडी पळतेय. ब्रेक लागतोय का ते कुणी बघितलं? उतारावर कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.” काकूंनी दुसऱ्या दिवशी मुलाला दुकानात पाठवलं.

२८ ऑक्टोबर, सोमवार. त्या दिवशी वसुबारस होती. मी मुद्दाम जुन्या फोनमध्ये दोन डॉलरचं नवं सिम घालून ठेवलं होतं, काय होतं ते बघायला. सकाळी सगळं नेहमीसारखं होतं. संध्याकाळी घरी आले, जुन्या फोनवरून माझा नंबर लावला. रिंग नाही, ती बाई नाही, काहीच नाही. दोन सेकंद शांतता आणि कॉल तुटला. वर मात्र ४जी होतं. इंटरनेट चालत होतं, व्हॉट्सॲपचा कॉल लागत होता. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, फोन उत्तम आहे. अंगणात पणती लावताना माझं लक्ष पुन्हापुन्हा त्या चार काड्यांकडे जात होतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या सिमचं इंटरनेटही थांबलं. आता तो फोन स्वयंपाकघरात खिडकीपाशी असतो, घरच्या वायफायवर सकाळी भूपाळ्या लावायला.

एकूण खर्च ५६६ डॉलर झाला, अधिक दादाने केलेला रिचार्ज.

बाबांच्या आत्तेबहिणीचा मुलगा आणि सून पुण्याहून डिसेंबरात दीड महिन्यासाठी येत आहेत. इथे उतरल्यावर विमानतळावर सिम घेऊन आपल्याच फोनमध्ये घालू, असा त्यांचा बेत होता. येणाऱ्या सगळ्यांचा असाच असतो. मी त्यांना दोन्ही फोनचे मॉडेल नंबर आणि आयएमईआय पाठवायला सांगितले. एक चालेल असं कंपनीने लिहून दिलं आहे. दुसऱ्याचं उत्तर अजून यायचं आहे. बाबांनी वहीत त्याच्यासाठी एक ओळ रिकामी सोडली आहे.